अंगाऱ्यातली गोळी

आमचे आबा आजारी आहेत हे घरात सगळ्यांत आधी रेडिओला कळलं. संध्याकाळी बाजारभाव लागायचे. कापसाचा भाव सांगता सांगता तो निवेदक मधूनच आबांना टोमणे मारू लागला. पहिल्यांदा आबांनी ते हसण्यावारी नेलं. "हाऊ मानूस आपल्याले वळखस," असं ते आईला म्हणाले. आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली, "मंग त्याले सांगा ना, भाव तरी बरा लाव म्हना."

पुढे आबा रेडिओला उत्तरं देऊ लागले. तेही फार अदबीनं. "भाऊ, आमनं काय चुकनं?" असं विचारून ते उत्तराची वाट पाहायचे, आणि तोवर निवेदक भुईमुगावर गेलेला असायचा. आबांना वाटे, मुद्दाम विषय बदलला.

मग एक दिवस त्यांनी रेडिओ उचलून ज्वारीच्या कोठीत पुरला. तेव्हा आवाज ज्वारीतून येऊ लागला. ज्वारीची भाकरी बंद झाली. मग बाजरीनं तोंड उघडलं. असं करत करत घरातलं एकेक धान्य बोलकं झालं, आणि शेवटी आबांनी ताट सरकवलं. "यामां कोन्हीतरी काहीतरी टाकेल शे," ते म्हणाले. ते आईकडे बघून म्हणाले नाहीत, पण घरात स्वयंपाक करणारी आई एकटीच होती. त्या रात्री ती मागच्या दारी भांडी घासत फार वेळ बसली. घासून झालेली भांडी तिनं पुन्हा घासली.

मी तेव्हा धुळ्याला एका सरकारी कचेरीत कारकून होतो. लग्न व्हायचं होतं. खोली भाड्याची. शनिवारी संध्याकाळच्या एस.टी.नं शिरपूरकडच्या आमच्या गावी यायचं आणि सोमवारी पहाटेच्या गाडीनं परत, असा क्रम होता. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. आता माझी पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली आहेत. या गोष्टीतलं खरं तीनच माणसांना ठाऊक होतं. त्यातली दोन गेली.

आबांना काय झालंय यावर गावात एकमत नव्हतं, पण उपायांची टंचाई नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं. आमच्याकडे सलाईन हा औषधाचा प्रकार नव्हता, मानाचा प्रकार होता. ते लावलं की आठ दिवस लोक भेटायला येत. मामा "बाहेरचं आहे" असं निदान करून दोन देवांना नवस बोलले, तेही आबांच्या नावानं, म्हणजे फेडायचे आबांनीच.

समोरच्या घरातले चाचा गाद्या भरायचे. कापूस पिंजायचं त्यांचं दुकान घरालाच लागून होतं. त्यांची दाढी कापसामुळे पांढरी की वयामुळे हे आम्हाला लहानपणापासून कळलं नव्हतं. ते एका गुरुवारी आबांना दर्ग्यावर घेऊन गेले. लोबान झाला, मनगटाला धागा बांधला गेला. परत आल्यावर आबांचा चेहरा उतरलेला असेल असं मला वाटलं होतं, पण ते खुशीत होते. "तठे बठ्ठा बोली ऱ्हायनात," ते म्हणाले. "त्यामां मनावाला चूप बसना." म्हणजे तिथं इतकी माणसं आपापल्या आवाजांशी मोठमोठ्यानं भांडत होती, की आबांच्या निवेदकाला बोलायला जागाच मिळाली नाही. हा गुण घरी येईपर्यंत टिकला.

मग आमच्या सालदारानं गळ घातली. सालदार म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणारा गडी. आमचा हा गडी पावरा, सातपुड्यातला. त्याच्या पाड्याजवळ एक भगत होता. आम्ही बैलगाडीनं आणि मग पायी चढून गेलो. भगतानं सुपात दाणे टाकले, हलवले, आणि आबांना विचारलं, "तो काय काय बोलतो?"

हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं! आम्ही सगळे आबांना सांगत होतो, की कुणी बोलत नाही. आबा सांगत बसले. भगतानं ऐकून घेतलं, आणि मग आपल्या बोलीत त्या रेडिओला अशा शिव्या घातल्या, की सालदारानं त्यांचं भाषांतर करायला नकार दिला. आबांच्या चेहऱ्यावर मी कितीतरी दिवसांनी तेज पाहिलं. आपल्या बाजूनं कुणीतरी भांडलं! निघताना भगतानं पळसाच्या पानात मूठभर अंगारा दिला. रोज निजताना चिमूटभर दुधातून.

आबा तो अंगारा नेमानं घेत. झोप मात्र येत नव्हती. रात्रभर अंगणात येरझाऱ्या.

शेवटी मी त्यांना धुळ्याला आणलं. डॉक्टर एका टायरच्या दुकानाच्या वर बसत. बाहेरच्या पाटीवर फक्त नाव आणि पदव्या, कसले डॉक्टर ते कुठेच नाही, कारण तसं लिहिलं असतं तर जिना कुणी चढलं नसतं. आत बाकावर बसलेला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाला तरी घेऊन आलेला होता. आणि त्या बाकाच्या टोकाला चाचा! शेजारी त्यांची मुलगी, बुरख्यात.

"अरे भैया, तू इधर?"

"आबांचे डोळे जरा..." मी म्हणालो.

"हां, हां. हमारे भी घुटने," चाचा म्हणाले.

दोघांनीही मान हलवली आणि पंख्याकडे पाहिलं.

मुलगी पाचोऱ्याला दिलेली. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती ती बाळ काही महिन्यांचं झालं तरी परत गेली नव्हती, एवढंच गल्लीला माहीत होतं. तिनंच बुरख्याची जाळी वर केली आणि सरळ विचारलं, "आबांना पण आवाज येतात का? मला यायचे. बाळाला हात लावू नको म्हणायचे. गोळीनं कमी झालेत."

चाचांनी "चुप" केलं, पण आबा पुढे सरकून बसले. "बेटी," ते म्हणाले, "तुना रेडिओ कोनता?"

ती हसली. त्या बाकावर मी ऐकलेलं ते एकमेव हसू.

डॉक्टर शांत माणूस होते. आबांना त्यांनी नीट विचारलं, तपासलं, गोळ्या लिहिल्या आणि मला बजावलं, की अचानक बंद करायच्या नाहीत. आबांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न केला: "शिव्या तो देस, अन् गोळी मी खाऊ?"

मी चिठ्ठी घेऊन गोळ्या आणायला गेलो.  गावात एस.टी.तून उतरल्यावर आबांनी गोळ्यांची पट्टी सगळ्या गल्लीदेखत उकिरड्यात भिरकावली. "मी येडा नही!" चाचांच्या दुकानातून, ओट्यांवरून, सगळ्यांनी ते पाहिलं.

आता मी काय केलं ते सांगतो.

अंगाऱ्याचं पळसाचं पान फाटलं होतं. मी आईला म्हटलं, मी धुळ्याला नेऊन याच्या रोजच्या पुड्या बांधून आणतो. कारकुनाला पुड्या बांधायचं काम शोभतं. खोलीवर मी खलबत्ता विकत आणला. डॉक्टरांकडून पुन्हा गोळ्या घेतल्या. "स्वतःहून घेतात ना?" त्यांनी विचारलं. मी "हो" म्हणालो. गोळ्या कुटल्या, अंगाऱ्यात घोटल्या आणि कचेरीतल्या रद्द झालेल्या मसुद्यांच्या कागदात सुबक पुड्या बांधल्या. घरमालकीण भिंतीपलीकडून विचारायची, "काय हो, रोज काय कुटता?" मी म्हणायचो, "वेलदोडे." तिनं एकदा चहा करताना दोन वेलदोडे मागितले, तेव्हा मला बाजारात पळावं लागलं.

आबांना चव कळली. "आते कडू लागस," ते म्हणाले. सालदार म्हणाला, "ताकद वाढली." भगताला विचारून आल्यावर त्यानंही तेच सांगितलं. पुढे आबांचे हात जरा थरथरू लागले. हे असं होईल आणि मग कळवा, हे डॉक्टरांनी मला सांगितलेलं होतं. भगत मात्र आनंदला. "हातातून निघतंय," असा त्यानं निरोप धाडला. मी डॉक्टरांकडून थरथरीवरची आणखी एक गोळी आणून तीही कुटली. थरथर थांबली. भगताचा पुन्हा निरोप आला: "निघालं."

आणि आबा झोपू लागले. आवाज गेला नाही, पण लांब गेला. म्हणजे गल्लीच्या टोकाला, मग गावाबाहेर. ज्वारी गप्प झाली. कोठीतून रेडिओ निघाला. आबा कपाशीत फवारणीला उभे राहू लागले. एका रविवारी त्यांनी आईला म्हटलं, "भाजी बरी व्हयनी," आणि आई चुलीपुढून उठून मागच्या दारी गेली ती डोळे कोरडे करूनच आली.

मग श्रेयासाठी जी ओढाताण झाली! मामांनी दोन्ही नवसांची आठवण दिली. चाचा आबांच्या मनगटावरचा विटलेला धागा लोकांना दाखवत. आईचे सोमवार होतेच. सालदार तर दुसऱ्या गड्यांकडे अशा नजरेनं बघायचा, जणू भगत त्यानंच घडवला. पण आबांनी जाहीर निकाल दिला. अंगारा. गावानंही मानलं, कारण गोळ्या उकिरड्यात गेलेल्या सगळ्यांनी पाहिल्या होत्या. माझा उल्लेख कुठेच नव्हता. तो व्हावा असं मला मुळीच वाटत नव्हतं. थोडंसं वाटत होतं.

पहिला धक्का एकादशीला बसला. भजनी मंडळातल्या मृदंगवाल्याला झोप लागत नाही म्हणून आबांनी उदार मनानं त्याला एक पुडी दिली होती. तो माणूस मृदंगावर गाल टेकून झोपला तो आरतीलाही उठला नाही. दुसऱ्या दिवशी दारात चार जण पुडी मागायला उभे! मी आईसमोर, आबांसमोर गंभीर चेहरा करून सांगितलं, की पुडी एका माणसाच्या नावाची असते. दुसऱ्याला दिली की उलटते. हे शास्त्र मी उंबऱ्यात उभ्या उभ्या रचलं. गावानं ते लगेच मान्य केलं, आणि आजही तिकडची जुनी माणसं ते परंपरेनं आलेलं म्हणून सांगतात.

मी निश्चिंत झालो. आणि तिथंच चुकलो.

कारण पुडी मागणं बंद झालं, पण भगत खुला होता. आणि चाचा रोज समोरच्या ओट्यावर बरे झालेले आबा पाहत होते. एका शनिवारी मी गाडीतून उतरलो तर ते दुकानातून हाक मारून म्हणाले, "तेरे आबा को देखा ना? गोळी फेकी और ठीक! मैंने भी बच्ची की गोळी बंद कर दी. भगत के पास जा के आये." मग आवाज खाली आणून, "ससुराल वालों को मत बोलना." आम्ही त्यांच्या दर्ग्यावर गेलो होतो, ते आमच्या भगताकडे गेले, गल्लीतला शेजारधर्म पुरा झाला. फक्त त्यांच्या अंगाऱ्यात नुसता अंगारा होता.

मी काही बोललो नाही.

का नाही बोललो हे मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारलं आहे. माझ्याकडे कारण होतं, आणि ते खोटंही नव्हतं. आबांचा सगळ्यात मोठा संशय हा, की आपल्या अन्नात कुणीतरी काहीतरी घालतं. तो संशय मी पुसला नव्हता, खरा केला होता. हे त्यांना कळलं तर ते परत कुणाच्या हातचं काय खातील? पण दुसरंही कारण होतं. चाचा काय म्हणतील, डॉक्टर काय म्हणतील, आणि लग्नाच्या बाजारात माझं काय होईल. ही दोन कारणं मी एकाच पुडीत बांधून ठेवली होती.

पावसाळाभर ती मुलगी ढासळत गेली. आधी झोप गेली. मग ती बाळाकडे पाठ करून जिन्यावर बसू लागली. एकदा भर दुपारी अनवाणी एस.टी. स्टँडकडे चालत निघाली, सालदारानं परत आणली. आबा रोज संध्याकाळी जाऊन तिला धीर द्यायचे. "अंगारा सोडू नको बेटी. माले वखत लागना, तुलेबी लागी." मी आमच्या ओट्यावरून ते ऐकायचो आणि वर्तमानपत्रात तोंड घालायचो.

मग पाचोऱ्याहून सांगावा आला. मुलगी बरी होत नसेल तर तिला तिथंच ठेवा, आम्ही येऊन बाळ घेऊन जातो. रविवारी येतो.

शनिवारी मला हे आईकडून कळलं. ताटावरून उठलो आणि समोर गेलो. चाचा एकटे असतील असं वाटलं होतं. आत कापसाच्या ढिगाआड टेकून आबा बसलेले. पण चाचांची ती धनुष्यासारखी पिंजण सुरू होती, तिच्या ताणलेल्या दोरीचा टँव टँव असा आवाज घुमत होता. म्हटलं, त्या आवाजात आबांना काही ऐकू जाणार नाही. मी चाचांच्या कानाशी वाकलो.

"चाचा, तिची गोळी सुरू करा."

"क्या?"

"गोळी! आबांना अंगाऱ्यानं गुण आला नाही!"

"अंगारा? हां, हां, देते हैं रोज!"

मी ओरडलो. आणि नेमक्या त्याच क्षणी चाचांनी माझं बोलणं नीट ऐकू यावं म्हणून पिंजण थांबवली. "मी आबांच्या अंगाऱ्यात धुळ्याच्या डॉक्टरची गोळी कुटून घालतो!"

एवढ्या शांततेत बोललेलं वाक्य मी आयुष्यात दुसरं ऐकलेलं नाही. कापूस हवेतून सावकाश खाली येत होता. आबांच्या मिशीवर कापसाचा एक पुंजका येऊन बसला, तो त्यांनी काढला नाही.

"म्हनीसन कडू लागे," ते म्हणाले.

चाचांनी हातातला दांडा खाली ठेवला. मला वाटलं मारणार.  "मेरी बच्ची तीन कोस चल के भगत के पास गयी," ते म्हणाले. "तू ओटे पे पेपर पढता था." 

पुढचं आबा बोलले. "मियाँ, आंडेरले धुयाले ली जा. गाडीनी वाट नको देखू, मना बैल जुपाड." आंडेर म्हणजे मुलगी, धुये म्हणजे धुळे. मग उठता उठता, माझ्याकडे न पाहता, "गावमां सांगू नका. हसतीन."

ते दोघांनी मरेपर्यंत पाळलं. आईलाही कळलं नाही.

घरात उरलेल्या गोळ्यांनी मुलीचं औषध त्याच रात्रीपासून पुन्हा चालू झालं आणि पहाटे बैलगाडी हमरस्त्याकडे निघाली. पण रविवारी पाचोऱ्याची माणसं आली ती आलीच, आणि बाळ घेऊन गेली. हिवाळा सरता सरता ती सावरली आणि सासरी गेली, तेव्हा बाळ चालायला लागलं होतं आणि नणंदेला अम्मी म्हणत होतं. पुढे सुधारलं ते. तिनंच मला कधीतरी माहेरी आल्यावर हसत सांगितलं, "आधी मला आपा म्हणायचा हो, म्हणजे मोठी बहीण." मी पण हसलो. तिला चाचांनी काही सांगितलं होतं का, मला माहीत नाही. विचारण्याची हिंमत नव्हती.

घरी आबांनी माझी भीती खरी केली. अंगणात तीन दगड मांडून ते स्वतःची खिचडी स्वतः शिजवू लागले. आईला सांगितलं, भगतानं पथ्य दिलंय. खिचडी करपायची, आबा ती निमूट खायचे, आई आतून म्हणायची, "हाई काय पथ्य शे का शिक्षा?" मग एका सोमवारी पहाटे माझ्याच गाडीत ते येऊन बसले, दुसऱ्या बाकावर. धुळ्याला जिना माझ्या पुढे चढले. "सायेब," डॉक्टरांना म्हणाले, "गोळी मना हातमां द्या. पोऱ्याना हातमां नको." डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी कॅलेंडरकडे.

त्यानंतर आबांनी गोळी स्वतः घेतली, शेवटपर्यंत. गावात मात्र अंगाऱ्याचाच महिमा. कुणी अडलेला माणूस चौकशीला आला, की आबा गंभीरपणे सांगत: "अंगारा भारी शे. पन त्याले धुयाना डॉक्टरनी चिठ्ठी लागस. चिठ्ठीबिगर तो गुन देत नही." भगतालाही हे पसंत पडलं म्हणे, तोही चिठ्ठी आणली का विचारू लागला. टायरच्या दुकानावरचा बाक भरत गेला. अंगाऱ्याचं शास्त्र रचण्यात आबा माझ्यापेक्षा हुशार निघाले.

आईच्या हातचं ते लवकरच खाऊ लागले. पुढे माझं लग्न झालं, सुनेच्या हातचंही खाल्लं. माझ्या हातचं नाही. मी धुळ्याहून जिलबी आणली, की पुडा उघडून ते आधी एक तुकडा माझ्यापुढे धरायचे. "तू खा." मी खायचो. ते माझं गिळून होईपर्यंत बघायचे, मग स्वतः घ्यायचे. पाण्याचा तांब्या मी दिला तरी तसंच. आधी मी एक घोट. पाहुण्यांसमोर ते डोळा बारीक करून म्हणायचे, "मना पोऱ्या सरकारी मानूस शे. तपासी देस."

नातेवाइकांना याचं केवढं कौतुक! बाप मुलाला भरवल्याशिवाय खात नाही. माझी बायको माहेरी हे सांगते. आबांच्या दहाव्याला मामांनी सगळ्यांसमोर ते सांगितलं, आणि दोघीतिघींनी पदर डोळ्यांना लावला. नदीच्या काठावर उन्हात मी मान खाली घालून बसलो होतो. लोकांना वाटलं, गहिवरलाय.

ते प्रेम नव्हतं असं मी म्हणणार नाही. जिलबीचा मोठा तुकडा ते नेहमी मलाच द्यायचे. पण आधी मी खायचो, त्याचं कारण मी बांधलेल्या त्या पुड्या होत्या.